पाळी सांभाळून भरतीची तयारी : अंगातील शक्तीचा जमाखर्च

(संस्थेच्या युवक-युवती मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हाला दिलेला विषय साधा दिसतो. दिवसभर किंवा रात्रभर कामाची पाळी करायची आणि उरलेल्या वेळात पोलीस वा सैन्यभरतीचा सराव करायचा, तर अंगात शक्ती कशी टिकवायची? हा प्रश्न मुले आम्हाला मैदानावर रोज विचारतात. त्याचे उत्तर "जिद्द ठेवा" एवढ्या दोन शब्दांत देऊन पुढे जाण्याची आपल्याकडे सवय आहे. आम्हाला आज त्यापेक्षा थोडे जास्त बोलायचे आहे. कारण या प्रश्नात केवळ नोकरीचाच नव्हे, तर काही वेळा जिवाचाही संबंध येतो.

आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील भरतीला जाणारा तरुण कोण आहे, हे प्रथम पाहू. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, सास्ती येथील खुल्या कोळसा खाणींवर तो ठेकेदाराकडे काम करतो. ऊर्जानगरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रात राखेच्या किंवा कोळशाच्या विभागात असतो. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात, गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांत, मूल-ब्रह्मपुरीच्या राईस मिलमध्ये हमाली करतो, नाहीतर कुठल्या तरी फाटकावर बारा तास सुरक्षा रक्षक म्हणून उभा राहतो. गडचिरोली जिल्ह्यातील मुलगा-मुलगी मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतात, पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जातात आणि मधल्या काळात रस्त्याच्या नाहीतर बांधकामाच्या कामावर असतात. घर त्यांच्या मजुरीवर चालते. त्यामुळे "सहा महिने काम सोडून तयारी कर" हा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नाही.

आणि स्पर्धा कशी आहे? २०२४ च्या राज्य पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे शंभर उमेदवार. शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. सोळाशे मीटरचे पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यावे लागते. म्हणजे चारशे मीटरची प्रत्येक फेरी साधारण ७७ सेकंदांत. राज्य राखीव पोलीस दलात ५ किलोमीटर धावावे लागते आणि त्याला एकट्याला ५० गुण आहेत. सैन्याच्या अग्निवीर मेळाव्यात १.६ किलोमीटर आहे, वर दहा पुलअप्स आहेत. दोन-चार सेकंदांनी गुण जातात आणि एका-दोन गुणांनी यादीतून नाव जाते. अशा ठिकाणी थकलेले शरीर घेऊन उभे राहणे म्हणजे आधीच मागे राहणे होय.

या नोकऱ्यांचे आपल्या समाजाला अप्रूप का आहे, हे सांगायला नको. सुभेदार रामजींचे घर सैन्यातले होते. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, तीही बाबासाहेबांनी सातत्याने केलेल्या मागणीनंतर. इकडे गडचिरोलीत १९९० पासून सी-६० दलात स्थानिक तरुण जंगल तुडवीत आहेत. गणवेशातील नोकरी हा आपल्या भागातील गरीब घराला उभे करणारा एक खात्रीचा मार्ग राहिला आहे. म्हणूनच त्या वाटेवरचा तरुण अर्ध्यावर गळू नये, ही आमची तळमळ आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मुलगा सरावाला आला नाही, धावताना दम लागला, वेळ सुधारत नाही, की आपण म्हणतो, "याच्यात जिद्द नाही." आमचा अनुभव उलटा आहे. रात्रपाळी करून सकाळी सहाला सुटलेला मुलगा साडेसहाला मैदानावर येतो, त्याच्यात जिद्द नाही असे कोण म्हणेल? त्याच्याजवळ कमी आहे ती जिद्द नव्हे, शिल्लक. घरखर्चासारखाच शरीराचाही जमाखर्च असतो. अन्न आणि झोप ही जमा. पाळी, प्रवास, ऊन आणि सराव हा खर्च. जमा न वाढवता खर्च वाढवला तर घराचे जे होते तेच शरीराचे होते.

आकड्यांत पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या प्रमाणानुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामात सुमारे २,१०० कॅलरी, मध्यम श्रमात सुमारे २,७०० आणि जड श्रमात जवळपास ३,५०० कॅलरी लागतात. धावण्याचा खर्च ढोबळमानाने एका किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे एक कॅलरी असा धरतात. म्हणजे ६० किलोचा मुलगा सहा किलोमीटर धावला तर साडेतीनशेच्या आसपास कॅलरी जातात. ते तीन-चार पोळ्यांचे काम आहे. खरा मोठा खर्च सरावाचा नाही. तो आठ-बारा तासांच्या पाळीचा आहे. त्या पाळीचीच भरपाई होत नसेल तर सरावासाठी अंगात काय उरणार? आणि झोपेची तूट तर कितीही पोळ्या खाल्ल्या तरी भरून निघत नाही.

येथे जमलेल्या उपासक-उपासिकांना सोण भिक्खूची गोष्ट ठाऊक असेल. चंक्रमण करून करून त्याच्या पायांतून रक्त आले, तरी मनासारखी प्रगती होईना. तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारेचे उदाहरण दिले. तार फार ताणली तरी सूर निघत नाही, फार सैल सोडली तरी निघत नाही. वीर्याचा, म्हणजे उद्योगाचा, समतोल राखावा असा तो उपदेश आहे. आमच्या धावपटूंना आम्ही हेच सांगतो. अति सराव हा पुरुषार्थ नव्हे.

प्रथम झोपेविषयी. तरुण माणसाला रोज सात ते नऊ तास झोप लागते. स्नायूंची झीज भरून येणे, सराव अंगी लागणे, हे बरेचसे झोपेतच होते. रात्रपाळीवाल्याची दिवसाची झोप तुटक असते. उजेड, उकाडा, पाहुणे, शेजारचा लाऊडस्पीकर यांनी ती आणखी तुटते. म्हणून सरावाचे वेळापत्रक घड्याळावर न बसवता पाळीवर बसवावे. आम्ही जे करून घेतो ते असे आहे.

सकाळची पाळी असेल तर पहाटे तीनला उठून धावू नये. पाळीवरून आल्यावर जेवून तासभर झोपावे आणि सायंकाळी सराव करावा. दुपारची पाळी असेल तर रात्री आल्याबरोबर हलके खाऊन झोपावे, सकाळी साडेसहा-सातला सराव करावा आणि पाळीपूर्वी पुन्हा अर्धा तास पडावे. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी सुटल्यावर जोराचे धावणे पूर्ण बंद ठेवावे. सकाळी घरी जावे, थोडे खावे, खिडकीला जाड चादर लावून अंधार करावा आणि दुपारपर्यंत झोपावे. सराव सायंकाळी, पाळीच्या किमान दोन तास आधी संपेल असा. पाळी बदलण्याच्या दिवशी फक्त चालणे आणि अंग मोकळे करणे.

बारा तासांच्या ठेकेदारी पाळीवाल्यांसाठी वेगळा हिशेब. त्यांनी आठवड्यात दोनच दिवस जोराचा सराव करावा : एक दिवस चारशे मीटरच्या चार ते सहा फेऱ्या ठरलेल्या वेळेत, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन, आणि सुटीच्या दिवशी सहा-आठ किलोमीटरचे संथ धावणे. बाकीचे तीन दिवस घरीच पंधरा-वीस मिनिटे जोर, बैठका, पोटाचे व्यायाम आणि मिळेल तेथे आडव्या दांड्यावर पुलअप्स. उरलेले दोन दिवस पूर्ण विश्रांती. मुलांना हे फार कमी वाटते. परंतु सहा महिने न चुकता केलेला थोडा सराव, पंधरा दिवस करून आजारपणात सुटलेल्या मोठ्या सरावापेक्षा कितीतरी जास्त भरतो. अंतर वाढवायचे तर आठवड्याला दहाव्या हिस्स्याहून जास्त वाढवू नये. नडगीची दुखणी याच घाईतून येतात.

आठ तासांच्या कामाचा विषय निघाला म्हणून आठवण करून देतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. कामगाराला विश्रांतीचा हक्क आहे, हा विचार त्यामागे होता. हक्काच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी ओव्हरटाईम करण्यापूर्वी भरतीच्या उमेदवाराने दोनदा विचार करावा. त्या दिवसाची मजुरी दिसते. गेलेली विश्रांती दिसत नाही, ती मैदानावर सेकंदांत दिसते.

आता आहार. महागड्या डब्यातल्या पावडरींची जाहिरात पाहून मुले आम्हाला विचारतात, "सर, कोणती घ्यावी?" आम्ही म्हणतो, आधी घरचा डबा नीट भरा. सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने पुरतात. साठ किलोच्या मुलाला पंचाहत्तर ते नव्वद ग्रॅम. पन्नास ग्रॅम हरभरे म्हणजे दहा ग्रॅम, पन्नास ग्रॅम शेंगदाणे म्हणजे बारा, दोन अंडी म्हणजे बारा, दोन वेळच्या घट्ट वरणाचे बारा-तेरा आणि दिवसभराच्या पोळ्या-भाताचे तीसच्या आसपास. बेरीज पंचाहत्तरच्या पुढे जाते. पावडर कुठे लागली? आपल्याकडे तलाव-बोड्यांतील मासोळी आहे, सुकट आहे, बरबटी आहे, जवसाची चटणी आहे, मुनग्याचा पाला आहे. ही गरिबाच्या घरची ताकद आहे, तिला हलके समजू नये.

किती खावे एवढेच केव्हा खावे हेही महत्त्वाचे. आमचा भाग भाताचा. भात आणि पोळीतूनच स्नायूंतील साखरेचा साठा भरतो आणि जोराचे धावणे त्याच साठ्यावर होते. म्हणून भात सोडून धावणारा मुलगा तिसऱ्या फेरीत गळतो. सरावाच्या अर्धा-पाऊण तास आधी एक केळ किंवा मूठभर फुटाणे-गूळ घ्यावे. सराव संपल्यावर तासाभरात पोटभर जेवण किंवा निदान भिजवलेले हरभरे आणि गूळ घ्यावा. रात्रपाळीत मुख्य जेवण पाळीला जाण्यापूर्वी करावे. मध्यरात्री डब्यातले थोडेच खावे. तळलेले समोसे-भजी टाळावी. पहाटे दोन-तीननंतर चहा नको. चहातील उत्तेजक द्रव्य पाच-सहा तासांनीही अर्धे अंगात राहते आणि सकाळची झोप मोडते.

आणि खर्रा! चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने खर्ऱ्याविषयी न बोलता शक्तीविषयी बोलणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे होय. रात्री झोप येऊ नये म्हणून पाळीवर खर्ऱ्याची पुडी सुटते. तिने भूक मरते, नाडी वाढते, नंतरची झोप बिघडते, आणि कर्करोगाचे संकट वेगळेच. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगाव काम करीत आहे. त्याची मदत घ्यावी. झोप घालवायची असेल तर पाळीपूर्वी वीस-तीस मिनिटे डुलकी घ्या, तोंडावर पाणी मारा, फुटाणे चावा. भरतीच्या मैदानावर ताकदीची म्हणून इंजेक्शने आणि वेदनाशामक गोळ्या विकणारे भेटतात, त्यांना दूर ठेवा. पाणी कमी असलेल्या शरीरात वेदनाशामक गोळी घेऊन उन्हात धावल्यास मूत्रपिंडावर घाला पडू शकतो.

बंधू-भगिनींनो, आता सर्वांत गंभीर गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना आणि त्यानंतर किमान चार उमेदवारांचे प्राण गेले. त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडातील उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटरच्या धावण्यात दहाहून अधिक तरुण दगावले. प्रत्येकाचे कारण एकच होते असे आम्ही म्हणत नाही. पण ऊन, अपुरे पाणी, जागरण आणि एकदम लावलेला जोर यांचा मेळ बसला की धडधाकट तरुणही कोसळतो, हे वैद्यकशास्त्र सांगते. आमच्या चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत सकाळी सातनंतर जोराचे धावणे नकोच. दिवसभर पाणी प्यावे. घाम फार जात असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट घ्यावे.

यात आपल्या भागाची एक विशेष गोष्ट आहे. सिकलसेल. हा रक्तातील आनुवंशिक दोष विदर्भात आपल्या बौद्ध समाजात आणि गोंड, माडिया, परधान या बांधवांत बराच आढळतो. गडचिरोलीत शोधग्रामच्या 'सर्च' संस्थेने यावर पूर्वीच काम केले. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू झाली. यात दोन प्रकार नीट समजून घ्या. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर तो पीडित, म्हणजे एसएस. त्याला वेदना, रक्तक्षय असे त्रास होतात आणि त्याने कठोर सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. एकाकडूनच दोष आला तर तो वाहक, म्हणजे एएस. वाहक आजारी नसतो. तो काम करतो, खेळतो, संसार करतो. त्याला स्वतःला बहुधा पत्ताही नसतो.

परंतु वाहकाने सर्व शक्ती एकवटून, उन्हात, तहानलेल्या अंगाने धावण्याला मात्र जपावे. अमेरिकेच्या सैन्यातील शिकाऊ सैनिकांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहक असलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांमध्ये प्रशिक्षणकाळातील अचानक मृत्यूचे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आढळले. पुढे त्या सैन्याने पाणी, टप्प्याटप्प्याने वाढवलेला सराव, उन्हात विश्रांती असे नियम सर्वांनाच लावले. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार सैनिकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वाहकांचा मृत्युदर इतरांहून जास्त आढळला नाही. मात्र अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका दीडपट होता. याचा अर्थ आपण नीट घ्यावा. वाहक असणे हा भरतीच्या स्वप्नाचा शेवट नाही. पण आपण वाहक आहोत की नाही हे माहीत असावे, आणि नियम पाळावेत.

तपासणी सोपी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात रक्ताची चाचणी होते. घरातले लोक टाळतात, कारण पुढे लग्न जमताना अडचण येईल अशी भीती वाटते. आम्ही आई-वडिलांना हात जोडून सांगतो, मुलाला मैदानावर पाठवण्यापूर्वी ही एक चाचणी आणि हिमोग्लोबिन करून घ्या. आणि मुलांनो, धावताना मांड्या-कंबर एकाएकी दुबळी पडली, पाय चालेनासे झाले, छातीत दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा नंतर लघवी चहासारखी काळपट झाली, तर "अजून एक फेरी" म्हणू नका. थांबा, सावलीत या, आणि सोबत्यांनी त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

मुलींविषयी वेगळे बोलले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. आमच्या मुली कामाची पाळी करतात, घरी येऊन चूल आणि पाणी करतात आणि सर्वांचे झाल्यावर उरलेले जेवतात. म्हणजे त्यांची पाळी दोनदा होते आणि जेवण एकदा. मग आठशे मीटरमध्ये दम लागला तर दोष कुणाचा? लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. त्या डॉक्टरांना विचारून, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्याव्यात, चहाबरोबर नव्हे. मासिक पाळीच्या दिवसांत त्रास होत असेल तर सराव हलका ठेवावा. त्याने काही बिघडत नाही. आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलीच्या हातची भांडी त्या काळापुरती भावाने घासावीत, हे आम्ही या व्यासपीठावरून मोठ्याने सांगतो.

आणखी एक संकट रस्त्याचे. मैदान नाही म्हणून मुले महामार्गावर धावतात. ७ ऑगस्ट २०२५ रोजी गडचिरोली-आरमोरी मार्गावर काटली येथे पहाटे व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकने धडक दिली आणि त्यांतील चौघांचा अंत झाला. दुसरीकडे वाघ-बिबट आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये औष्णिक विद्युत केंद्राच्या परिसरात पाळी संपवून घरी परतणाऱ्या कामगाराला वाघाने ठार केले. म्हणून अंधारात एकट्याने धावू नये, जंगलाच्या कडेने तर मुळीच नाही. सात-आठ जणांनी मिळून, उजेड झाल्यावर, शाळेच्या पटांगणावर किंवा कापणी झालेल्या शेतातील सपाट बांधीत धावावे. शंभर मीटर नीट मोजून चुना टाकला की चारशे-आठशेचा हिशेब कुठेही बसतो. घुग्घुस-दुर्गापूरकडे हिवाळ्याच्या सकाळी धूर आणि धूळ खाली बसलेली असते. तेथे ऊन वर आल्यावर किंवा सायंकाळी सराव बरा.

शरीर बिघडण्याआधी सूचना देते. त्यासाठी वही ठेवा. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, मनगटावरची नाडी एक मिनिट मोजा. रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील तर त्या दिवशी जोराचा सराव नाही. आठवड्याला वजन करा. सारखे उतरत असेल तर जेवण कमी पडते आहे. किती तास झोपलो, कोणती पाळी होती, किती धावलो, एवढे चार आकडे रोज लिहा. महिन्याभरात तुमचे तुम्हालाच कळेल की कोणत्या पाळीत तुमची वेळ चांगली येते. चाचणीच्या आधीचे दहा दिवस सराव निम्मा करा. गावाहून मैदान दूर असेल तर आदल्या रात्री फूटपाथवर झोपण्याची वेळ येऊ देऊ नका. ओळखीचे घर, विहार, वसतिगृह आधीच पाहून ठेवा. घरून फुटाणे, शेंगदाणे, गूळ बांधून न्या.

शेवटी, आमची विनंती तरुणांपेक्षा वडीलधाऱ्यांना आहे. आपण मुलांना म्हणतो, "नोकरी लागून दाखव." पण त्याच्या शक्तीचा जमाखर्च तो एकटा सांभाळू शकत नाही. घरात रात्रपाळी करून झोपलेल्या मुलाला दुपारी दळण आणायला उठवू नये. त्याच्या ताटात वरण घट्ट वाढावे. वस्तीत दुपारी लाऊडस्पीकर लावताना एखाद्या घरात कामगार झोपला आहे, याचे भान ठेवावे. संस्थेला आमची चार कामांची सूचना आहे. विहाराची एक खोली दुपारी शांत आणि थंड ठेवून, ज्यांच्या घरी जागा नाही अशा पाळीवाल्या मुलांना झोपायला द्यावी. वर्षातून दोनदा सिकलसेल आणि हिमोग्लोबिन तपासणीचे शिबिर आरोग्य विभागाला सांगून भरवावे. गावातील निवृत्त सैनिक-पोलिसांनी आळीपाळीने मैदानावर घड्याळ घेऊन उभे राहावे. आणि जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम काढून तयारीतील मुला-मुलींसाठी हरभरे, शेंगदाणे, अंडी यांची सोय करावी. यास फार पैसा लागत नाही, मन लागते.

जी मुले यंदा यादीत येणार नाहीत, त्यांनाही दोन शब्द सांगतो. शंभरात एकाची निवड होते, नव्याण्णव परत येतात. त्या नव्याण्णवांचे शरीर सरावाने कमावलेले असावे, मोडलेले नसावे. वयोमर्यादा पाहून पुढच्या जाहिरातीची तयारी करावी. सैन्यासाठी वय लवकर सरते, पोलिसांत थोडी सवड असते, ती समजून घ्यावी. लेखी परीक्षेचे १०० गुण आहेत, म्हणजे मैदानाच्या दुप्पट. पाळीतल्या थकलेल्या दिवशी धावण्याऐवजी तासभर पुस्तक उघडले तरी तो दिवस वाया गेला असे नाही.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच चंद्रपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी लाखो लोकांना दीक्षा दिली. त्या दिवशी पायी, बैलगाडीने, मिळेल त्या वाहनाने आलेली माणसे आपलेच आजे-पणजे होते. तेही मजुरी बुडवून आले होते. त्यांच्या नातवंडांनी मजुरी करीत करीत मैदानात उतरावे, यात लाज काहीच नाही. मात्र त्यांनी पोटभर जेवून, झोपून, रक्त तपासून, सोबत्यांसह उतरावे, आणि धावून झाल्यावर सुखरूप घरी यावे. एवढी जबाबदारी आपण सर्वांनी घ्यावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! जय भारत!